जुन्या ग्लायडरला रंग कोणता द्यायचा, खान्देशच्या उन्हात दिसेल अन टिकेल असा

मॉडेल ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं छोटं विमान, बनवणाऱ्यांचं एक ठरलेलं असतं, सांगाडा होईपर्यंत माणूस मिलिमीटरसाठी भांडतो, रिब म्हणजे पंखाची फासळी सरळ आहे का, स्पार म्हणजे पंखाचा कणा नीट बसला का, अन रंगाची वेळ आली की नेटवर आवडलेला पहिला फोटो उचलतो आणि म्हणतो बस, हेच. फोटो असतो जर्मनीतला, ओलं हिरवं गवत, मऊ ऊन, दहा फुटांवरून काढलेला. आणि आपण उडवणार एप्रिलमध्ये भुसावळकडच्या एखाद्या नांगरलेल्या वावरात, जिथं आभाळ निळं नसतंच, नुसतं पांढरट धुरकट, अन पारा ४४-४५ वर. त्या फोटोतला क्रीम कलर इथं वर गेला की विरघळून जातो भाऊ, मग रिमोट हातात धरून डोळे बारीक करत बसा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की क्रम उलटा करा. आधी लांबून काय दिसतं ते ठरवा, मग उन्हात काय टिकतं ते, आणि सगळ्यात शेवटी फोटोशी किती जुळवायचं ते. जुन्या ग्लायडरांचं बरं हे आहे की त्यांचे खरे रंग मुळातच साधे होते, त्यामुळे हे तिन्ही एकमेकांच्या फार आड येत नाही.

हे सगळं रेडिओवर उडणाऱ्या लाकडी स्केल मॉडेलबद्दल, म्हणजे खऱ्याच्याच प्रमाणात छोटं केलेल्या विमानाबद्दल आहे बरं का. खऱ्या ग्लायडरला रंग द्यायचा म्हणजे लायसनवाला इंजिनिअर, वजनकाटा, कागदपत्रं, तो वेगळाच विषय. उदाहरणाला एक-चतुर्थांश स्केलचं केए-८ धरू. रुडॉल्फ कायझरनं डिझाइन केलेलं, श्लायशर कंपनीचं, १९५७ साली पहिल्यांदा उडालेलं एका सीटचं ग्लायडर, बॉडी स्टीलच्या नळ्यांची अन वरून कापड, पंख लाकडी. खऱ्याचा पंख १५ मीटर म्हणजे आपला पावणेचार मीटर. मोठं प्रकरण आहे, पण बांधायला सोपं आणि रंगाला तर फारच सोयीचं.

आता बघा, लांबून म्हणजे किती लांबून. ड्रोन नियम २०२१ आल्यापासून ग्रीन झोनमध्ये, म्हणजे परवानगी न काढता उडवता येतं तिथंसुद्धा ४०० फूट म्हणजे १२० मीटरच्या आतच राहायचं आहे, आणि जळगावचं विमानतळ अन धुळ्याची गोंदूरची धावपट्टी दोन्हीकडे फ्लाइंग ट्रेनिंग चालतं त्यामुळे त्यांच्या आसपास तर विचारच करू नका, आधी सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरचा नकाशा बघा. याचा रंगाशी संबंध काय? तर संबंध असा की विमान वर जात नाही, लांब जातं. ३०० मीटर लांब अन १२० मीटर वर असलं तर तुम्ही त्याच्याकडे जेमतेम २०-२५ अंशातून बघताय. म्हणजे पोट पूर्ण दिसत नाही, पंखाची कड दिसते, बॉडीची बाजू दिसते, मागचं शेपूट दिसतं. आणि क्षितिजाजवळच धुरकटपणा सगळ्यात जास्त असतो. बाहेरची लोकं पंखाखाली मोठे मोठे पट्टे मारतात ते डोक्यावर उंच उडवण्यासाठी ठीक आहे, आपल्याला बॉडीची बाजू आणि फिन, म्हणजे शेपटीचा उभा भाग, यांच्यावरचा रंग तितकाच कामाचा.

घरी बसून याची टेस्ट करता येते, फुकटात. पावणेचार मीटरचं विमान ३०० मीटरवर जेवढं दिसतं तेवढंच पावणेचार सेंटीमीटरचं चित्र ३ मीटरवरून दिसतं, गणित सरळ आहे. तर कागदावर पावणेचार सेंमी पंखाचं छोटं ग्लायडर काढा, वरून एक, बाजूनं एक, खालून एक, चार-पाच वेगवेगळे रंग भरा, कापा, आणि खिडकीच्या काचेला आतून चिकटवा अशी की मागं आभाळ येईल. तीन मीटर मागं या अन बघा. पहिला धक्का हा बसतो की रंग दिसतच नाही, फक्त काळं-पांढरं दिसतं. तुमचा तो महागडा जांभळा, मेटॅलिक मरून, नेव्ही ब्लू सगळे एकसारखे काळपट. पिवळा अन क्रीम दुपारच्या आभाळात गायब. त्या छोट्या कागदावर ज्याचं डावं-उजवं अन वर-खाली पटकन कळतं तीच स्कीम घ्यायची. सकाळी बघा, दुपारी बारा-एकला बघा, पावसाळ्यात ढग असताना बघा. नोव्हेंबर ते जानेवारी आपल्याकडे आभाळ निळंशार असतं तेव्हा क्रीम कलर असा उठून दिसतो की काय सांगू, पण तेवढ्यावर भाळून पूर्ण विमान क्रीम करू नका, उडवायला खरी मजा उन्हाळ्यात येते, काळी जमीन तापली की थर्मल, म्हणजे गरम हवेचे झोत, कसे उठतात ते आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आभाळाइतकीच जमीन पण बघा. ग्लायडर आहे, इंजिन नाही, कधी ना कधी ते वावराबाहेर उतरणारच. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत हिरवं किंवा तपकिरी विमान पडलं तर ते विमान गेलं असं समजा, आठ फूट उंच केळी, वरून पानांचं छप्पर. तिथल्या पोरांनी पळत येऊन 'भो, तुनं इमान केळीमा पडनं' असं सांगितलं तरी कोणत्या ओळीत ते शोधायला लाल काहीतरी दिसलं पाहिजे ना. पांढऱ्याचं उलटं, पांढरं विमान ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापसाच्या वेचणीच्या वेळी पडलं तर बोंडांमधून ते ओळखायचं कसं? गहू, हरभरा, दादर ज्वारी पिकली की सगळं शिवार पिवळट होतं, तिथं पिवळा अन वार्निशचा लाकडी रंग दडतो. लाल किंवा नारिंगी मात्र जवळपास सगळीकडे चालतो. एक अपवाद, नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर लाल विमान उतरवलं तर तुमचं तुम्ही बघा.

आता ऊन. मोठी फायबरग्लासची ग्लायडरं सगळी पांढरी का असतात माहितीय? इपॉक्सी रेझिन तापलं की नरम पडतं, बऱ्याच ग्लायडरांना ५४ अंशाच्या आसपासची मर्यादा घालून दिलेली असते, अन गडद रंग उन्हात त्याच्या सहज पुढे जातो. स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी १९५७ मध्ये फोनिक्स नावाचं पहिलं फायबरग्लासचं ग्लायडर उडवलं, त्यानंतर हळूहळू सगळं जग पांढरं झालं. लाकडाच्या अन कापडाच्या ग्लायडरला हे बंधन नव्हतं म्हणून तर जुन्यांमध्ये लाल, निळे, पिवळे दिसतात. पण याचा अर्थ आपण मोकळे असा नाही. आपल्या मॉडेलला वरून चिकटणारी फिल्म असते, ती मुळात गरम इस्त्रीनंच ताणलेली. मे महिन्यात गडद निळी फिल्म उन्हात अर्धा तास ठेवली की कुठं ढिली पडते, कुठं जास्त ताणते, अन पातळ शेपटीचा भाग पिळला जातो. गाडीत काचा बंद करून ठेवलं तर विचारूच नका. म्हणून नियम साधा, पंखाच्या वरच्या बाजूला फिकट रंग, गडद काय लावायचं ते खालून, बाजूनं आणि टोकांना. गंमत म्हणजे दिसण्यासाठी पण हेच बरं पडतं, वळणावर विमान कललं की एकदा फिकट पाठ चमकते, एकदा गडद पोट दिसतं, अन ते तुमच्याकडे वळलं की पलीकडे ते लगेच कळतं. उडत नसेल तेव्हा वरून पांढरी चादर टाकायची, घरातली जुनी.

एवढं डोक्यात ठेवून मग फोटोंकडे जा. आणि आधी हे ठरवा की विमान कोणत्या काळातलं.

१९३० च्या दशकातलं असेल, म्हणजे ग्रुनाऊ बेबी, ऱ्होनबुसार्ड, मिनिमोआ असलं काही, तर त्यांच्यात रंग कमी अन सांगाडाच जास्त दिसतो. प्लायवूडवर पारदर्शक वार्निश, कापडावर पारदर्शक डोप, म्हणजे कापड ताणून घट्ट करणारा लेप, त्यामुळे उन्हात पंख वर धरला की आतल्या रिबा दिसतात. रंग म्हणजे वजन आणि पैसा, अन ती बरीच ग्लायडरं क्लबातल्या पोरांनी हातानं बांधलेली, कोण कशाला उगाच रंग लावेल. जी रंगवलेली होती त्यांच्यात हस्तिदंती क्रीम फार. वोल्फ हिर्थच्या मिनिमोआचं १९३५ चं ते पक्ष्यासारखं वाकलेलं पंख तर पारदर्शकच शोभतं, त्याच्यावर लालभडक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग, मारला तर मला तरी बघवणार नाही. हाबिश्ट मात्र वेगळं, हान्स याकोब्सचं कसरतीचं ग्लायडर, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हाना राइट्शनं स्टेडियमवर उडवून दाखवलेलं. त्याच्या पंखावर सूर्यकिरणांसारखे पसरत जाणारे पट्टे दिसतात ते लांबूनही ओळखू येतात. स्केलही राहतं अन दिसतंही, ज्याला दोन्ही पाहिजे त्यानं हाबिश्ट बांधावं, फक्त पट्ट्यांचं मास्किंग करताना संयम लागतो.

पन्नास-साठच्या दशकातलं असेल, केए-६, केए-८, नंतरचं १९६६ चं एएसके-१३, तर मग खरे रंग आले. लाल बॉडी अन क्रीम पंख, पंखाच्या टोकाला लाल, हे तर इतकं कॉमन की कुणी चुकीचं म्हणू शकत नाही. पिवळं पण दिसतं. ब्रिटिश एअर कॅडेटची सेडबर्ग वगैरे चंदेरी आणि त्याच्यावर पिवळे पट्टे. चंदेरी रंग आपल्या धुरकट आभाळात सगळ्यात वाईट दिसतो, आधीच सांगून ठेवतो, फक्त ऊन बरोबर कोनात पडलं की चमकतो, बाकी वेळ राखाडीवर राखाडी.

आणि आपलीच ग्लायडरं करायची असतील तर फारच छान, कुणी करत नाही. सिव्हिल एव्हिएशन खात्याच्या टेक्निकल सेंटरमध्ये डिझाइन झालेली, नावं बहुतेक नक्षत्रांची. अश्विनी १९५८ मध्ये उडालं, रोहिणी १९६१ मध्ये, शेजारी-शेजारी दोन सीटचं ट्रेनर, नंतर कार्तिक, मृगशीर, आर्द्रा. ज्या नक्षत्रांवर आपल्याकडे पेरणीचं ठरतं तीच नावं विमानांना, अन शेतकऱ्याच्या पोरानं मृगशीर सोडून जर्मन नावं घोकायची हे काही बरोबर नाही. पुण्याला हडपसरचं ग्लायडिंग सेंटर आहे, एनसीसी एअर विंगवाल्यांनी ग्लायडर जवळून बघितलेली असतात, कुणाच्या काकांकडे, सरांकडे जुने फोटो निघतात. विचारा, मागा, मोबाइलनं फोटोचा फोटो काढा. परदेशी ग्लायडरसाठी वासरकुप्पेच्या जर्मन ग्लायडर म्युझियमचे आणि व्हिंटेज ग्लायडर क्लबच्या मेळाव्यांचे फोटो भरपूर मिळतात, पण लक्षात ठेवा ती बरीच विमानं पुन्हा रंगवलेली आहेत, मालकाच्या आवडीनं.

काळ्या-पांढऱ्या फोटोवरून रंग ओळखायला जाऊ नका. त्या काळातल्या कॅमेऱ्याच्या बऱ्याच फिल्मला लाल रंग कळायचाच नाही, लाल सरळ काळा यायचा, अन निळा फिकट पांढरट. म्हणजे फोटोत काळा पट्टा दिसतोय तो लाल असू शकतो, आणि पांढरा वाटतो तो आकाशी. तसं असेल तर दोन्हीपैकी जो तुम्हाला लांबून दिसतो तो घ्या, कुणी कोर्टात खेचणार नाही.

अजून एक नाजूक गोष्ट. १९३३ नंतरच्या जर्मन ग्लायडरच्या शेपटीवर लाल पट्टा, पांढरं गोल अन त्यात नाझी स्वस्तिक असायचं. आपल्या गावात ते बघून कुणी म्हणेल वा, शुभ चिन्ह काढलंय, आजी हळदकुंकू पण लावेल. पण तेच फोटो तुम्ही बाहेरच्या लोकांना दाखवले की त्यांना वेगळंच आठवतं, जर्मनीत तर ते असं उघड दाखवायला कायद्यानं बंदी आहे, ठरावीक अपवाद सोडून. तिकडच्या रिस्टोर केलेल्या विमानांवरही सहसा ते नसतं. आपण पण सोडून द्यावं, नुसता लाल पट्टा ठेवा, शेपूट लांबून छान दिसतं.

तर केए-८ वर मी हे सगळं कसं बसवेन ते सांगतो, म्हणजे डोक्यात बसेल. बॉडी पूर्ण लाल, जुना टोमॅटोसारखा लाल, राल ३००० च्या जवळचा (राल म्हणजे रंगांच्या छटांना दिलेले ठरावीक नंबर), चकचकीत फेरारी लाल नाही. पंखाची वरची बाजू क्रीम, राल १०१४ किंवा त्याहून फिकट १०१५, अन टोकाकडचे ४०-४५ सेंमी लाल, म्हणजे पिकात पडलं तर वरून दोन लाल टोकं अन लाल बॉडी दिसते. पंखाची खालची बाजू, पुढचा प्लायवूडचा भाग, ज्याला डी-बॉक्स म्हणतो, तो लाल, आणि मागं जिथं फक्त कापड आहे तिथं पारदर्शक क्रीम. ऊन पलीकडून आलं की मागचा भाग उजळतो, रिबांच्या रेषा दिसतात, आणि पुढची कड गडद राहते, त्यामुळे विमानाचं तोंड कुठं आहे यात घोळ होत नाही. हे शंभर टक्के अमुक एका खऱ्या विमानाचं कॉपी नाही, पण त्या काळात बसणारं आहे. आडवं शेपूट क्रीम, उभं फिन लाल, रडर म्हणजे फिनमागचा हलणारा भाग क्रीम. बास. दोन रंग अन फार तर उघडं लाकूड, याच्यापुढे गेलात की पोळ्याच्या बैलासारखं होतं, बैलाला शोभतं ते विमानाला शोभत नाही.

डावं-उजवं ओळखायला काही जण एकाच पंखाखाली पट्टे मारतात. स्केलवाल्यांना ते खुपतं, मला नाही. डोळ्याला चष्मा असेल तर मारा बिनधास्त, विमान वाचणं महत्त्वाचं. किंवा रजिस्ट्रेशनची अक्षरं एकाच पंखाखाली मोठी टाका, ते कुणालाच खुपत नाही.

आता सामान. परदेशी फिल्म ऑनलाइन मिळते, ओराकव्हर वगैरे, आणि कापडाचा पोत पाहिजे असेल तर ओराटेक्स, त्याच्यात जुनाट क्रीम रंग पण येतो, पण भाव बघून घाम फुटतो. स्वस्तातला मार्ग म्हणजे पॉलिस्टरचं अस्तर. जळगावला फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याला आग्रा रोडवर अस्तराच्या दुकानात जा, क्रीम रंगाच्याच दहा छटा लावलेल्या असतात, दुकानदाराला सांगा ब्लाऊजसाठी नाही विमानासाठी पाहिजे, तो आधी हसेल अन मग स्वतःच गठ्ठे उघडून दाखवेल. कापड उन्हात धरून बघा, पलीकडची बोटं अंधुक दिसली पाहिजेत. घेण्याआधी वीतभर तुकडा आणून इस्त्री फिरवून बघा, आकसला तर कामाचं, नाही आकसला तर चालणार नाही. हे कापड पातळ पाणी-बेस पीयूनं चिकटवायचं अन त्याचेच दोन-तीन पातळ हात वरून. रंग कापडाचाच असल्यामुळे वेगळं पिगमेंट नाही, वजन वाचतं आणि पारदर्शकपणा राहतो, जुन्या ग्लायडरला याच्यासारखं दुसरं काही दिसत नाही.

प्लायवूड दाखवायचं असेल तर लाकडाचं क्लिअर, टचवूडसारखं काहीतरी, अन त्यात अक्रोड रंगाच्या स्टेनरचे दोन-चार थेंब, जास्त नाही. नवं प्लायवूड फार गोरं दिसतं, जुनं वार्निश मधासारखं पिवळसर झालेलं असतं, तो फरक एवढ्यानं भरून निघतो. आधी वाया गेलेल्या तुकड्यावर करून बघा अन तो तुकडा उन्हात नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली ठरवू नका.

लाल रंगासाठी ऑटो पेंटवाला. राल नंबर सांगितला तर कॉम्प्युटरवर मिक्स करून देतो, पाव लिटर पण देतात ओळख असली तर. पीयू घ्या, हार्डनरवाला, एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग नको, एनसी स्वस्त पण उन्हानं तडकतो आणि कापडाबरोबर लवचिक राहत नाही. थर्माकोल किंवा फोम कुठं असेल तर थिनर तिथं पोचू देऊ नका, डोळ्यासमोर वितळतो. मॅट मारू नका अन आरशासारखं ग्लॉस पण नको, हार्डनर टाकलेल्या क्लिअरमध्ये थोडा मॅटिंग बेस टाकून सॅटिन करायला सांगा, त्याला कळतं.

फिल्म लावत असाल तर आधी फिकट, मग गडद, अन गडदाची कड फिकटावर ५-६ मिलिमीटर चढवायची. उलटं केलं तर खालचा गडद फिकटातून मळक्या रेषेसारखा दिसत राहतो. मोठ्या फिल्मवर मोठी फिल्म गरम इस्त्रीनं लावू नका, मधे हवा अडकून फोड येतात अन ते कधीच जात नाहीत.

अक्षरं, नंबर अन पट्ट्यांची कामं रेडियमवाल्याकडे. गाड्यांच्या नंबर प्लेट अन 'आई-बाबांचा आशीर्वाद' कापणारा तोच, त्याच्याकडे प्लॉटर असतो. त्याला फाइल द्या, व्हिनाइलची अक्षरं कापून घ्या, किंवा त्याहून भारी म्हणजे त्या व्हिनाइलचा फक्त मास्क वापरायचा, रंग मारायचा अन व्हिनाइल सोलून टाकायचं, म्हणजे अक्षराला जाडी येत नाही अन रंगवल्यासारखं दिसतं. फॉन्ट मात्र जुना पाहिजे, त्याच्या कॉम्प्युटरमधला पहिला फॉन्ट घेऊ नका, फोटोवरून ट्रेस करा. जर्मन ग्लायडरला युद्धानंतर डी अन पुढं चार आकडे असत, आपल्याला व्हीटी. ट्रकमागं लिहिणारा जुना पेंटर ओळखीचा असेल तर त्याच्याकडून ब्रशनं लिहून घ्या, ते सगळ्यात छान, कारण त्या काळात पण असंच कुणीतरी ब्रशनंच लिहिलं असणार.

वजनाचं विसरू नका, विशेषतः मागं. ग्लायडरचं नाक आखूड अन शेपूट लांब, त्यामुळे शेपटीवर थोडा रंग जास्त चढला तरी तोल सांभाळायला नाकात त्याच्यापेक्षा बरंच जास्त शिसं घालावं लागतं. रडरवर आधी प्रायमर, मग पुट्टी, मग पांढरा बेस, मग लाल, मग क्लिअर, असं थरावर थर लावणारे आहेत, मग विमान दगडासारखं उतरतं अन ते म्हणतात डिझाइनच जड आहे. म्हणून वर मी रडर क्रीम सांगितला, अस्तराचाच रंग, एक थेंब पेंट नाही. रंगायच्या आधी अन नंतर प्रत्येक भाग किचनच्या काट्यावर ठेवा, घरात परवानगी असेल तर.

स्प्रे कधी मारायचा याला आपल्याकडे फार महत्त्व आहे. पावसाळ्यात हवेत ओल असली की डोप अन एनसी पांढरे पडतात, त्यावर दूध सांडल्यासारखा थर येतो. मे महिन्याच्या दुपारी रंग बंदुकीतून निघून पृष्ठभागावर पोचेपर्यंतच वाळतो, हात फिरवला की खरखर. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, सकाळी नऊ-दहाला, वारा सुटायच्या आत, हा आपला काळ. पत्र्याच्या शेडमध्ये मारत असाल तर आधी जमिनीवर पाण्याचा सडा मारा, काळ्या मातीची धूळ एवढी बारीक की दार उघडलं तरी उडते आणि क्रीम रंगावर बसली की काळे ठिपके. संध्याकाळी दिवा लावून स्प्रे करू नका, किडे येऊन चिकटतात, विशेषतः शेजारी मका असेल तर. अन पीयूच्या हार्डनरला साधा रुमाल चालत नाही, ऑर्गॅनिक व्हेपरचा, रंगाची वाफ अन तुषार दोन्ही अडवणारा फिल्टरवाला मास्क घ्या, हे गंमतीत घेऊ नका.

कॉकपिटच्या आतलं फार डोकं लावू नका, राखाडी किंवा वार्निशचं लाकूड, सीटला खाकी कापड, झालं. पायलटच्या डोक्यावर मात्र पांढरी टोपी ठेवा, ती लाल बॉडीवर खूप लांबून दिसते.

आणि शेवटचं, उरलेला रंग फेकू नका. एका छोट्या काचेच्या बाटलीत लाल, घट्ट झाकण, वर राल नंबर अन दुकानदाराचा मिक्सचा कोड लिहून, आणि अस्तराचं त्याच ताग्यातलं दोन वाव कापड गुंडाळून ठेवा, कारण पुढच्या ताग्यात तीच छटा मिळत नाही. ज्वारीची धसकटं अन उपटायच्या राहिलेल्या पऱ्हाट्या पंखाखालच्या कापडाला भोक पाडणारच. तेवढं गोल कापून, कड कातरून, पीयूनं चिकटवून, इस्त्री फिरवली की संध्याकाळी परत उडवता येतं.